टेम्सचा उगम आणि त्यामागचा कालवा : तिसऱ्या फेरीची नोंद

सप्टेंबरपासून मी टेम्स नदीच्या उगमाकडे ठरावीक अंतराने जात आहे. मार्चमध्ये केलेली तिसरी फेरी केवळ उगमापाशी न थांबता, त्याच्या पाठीमागून जाणाऱ्या जुन्या टेम्स-सेव्हर्न कालव्याच्या काठाने थेट स्ट्राउडपर्यंत नेली. प्रत्येक फेरीत मी एकच गोष्ट प्रामुख्याने नोंदवतो, ती म्हणजे पहिले वाहते पाणी कोठे दिसले. टेम्सच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही आणि त्याचे उत्तर दर महिन्याला बदलते.

आधी एक दुरुस्ती करतो. जानेवारीच्या नोंदीत मी ‘उगमाच्या दगडापाशीच पाणी आढळले’ असे लिहिले होते. ते वाहते पाणी नव्हते, तर आदल्या रात्रीच्या पावसाचे डबके होते, हे घरी येऊन छायाचित्रे मोठी करून पाहिल्यावर लक्षात आले, कारण तीन छायाचित्रांत तेच पिवळे पान त्याच जागी होते. तेव्हापासून मी पाणी दिसले की त्यावर एक वाळके पान टाकतो आणि मिनिटभर थांबतो. पान हलले नाही तर ती नोंद धरत नाही.

या फेरीची सुरुवात नेहमीप्रमाणे केंबल स्थानकापासून केली. लंडनच्या पॅडिंग्टनहून येथे थेट गाडी येते आणि स्थानकापासून गाव ओलांडून टेम्स पाथ या राष्ट्रीय पायवाटेला लागायला फार वेळ लागत नाही. ही पायवाट १९९६ साली अधिकृतपणे खुली झाली आणि उगमापासून लंडनच्या टेम्स बॅरियर या पूर रोखणाऱ्या दारांच्या बांधापर्यंत ती सुमारे १८४ मैल जाते. बहुतेक जण ती उगमाकडून लंडनकडे चालतात, मात्र उगमाचे काही समजून घ्यायचे असेल तर उलटे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध चालत जावे, असे माझे मत तीन फेऱ्यांनंतर पक्के झाले आहे. तसे चालताना नदी आपल्या डोळ्यांदेखत अरुंद होत जाते, मग उथळ होते आणि शेवटी केवळ कुरणातली एक खोलगट रेषा उरते.

ए४२९ रस्त्याखालच्या पुलापाशी सप्टेंबरमध्ये मी कोरड्या पात्रातून चालत गेलो होतो. या वेळी तेथे पाणी घोट्याच्या वर होते आणि तळाचे गवत प्रवाहाच्या दिशेने विंचरल्यासारखे आडवे झाले होते. तेथून वर कुरणात लिड वेल नावाचा झरा आहे. अधिकृत उगमापासून तो साधारण किलोमीटरभर खाली आहे आणि वर्षातील बराच काळ टेम्सचे पहिले पाणी प्रत्यक्षात येथेच दिसते. मी गुडघ्यावर बसून बराच वेळ पाहिले. पाणी उसळत नाही, त्याचा आवाजही येत नाही, फक्त बारीक खड्यांच्या फटींतून ते वर येते आणि त्यासरशी वाळूचे काही कण सतत नाचत राहतात. पान टाकले तर ते एक गिरकी घेऊन लगेच खाली निघाले.

पुढे ए४३३ ओलांडावा लागतो. येथे हा रस्ता रोमन काळातल्या फॉस वे या मार्गावरून जातो. गाड्या भरधाव असतात, तेव्हा घाई करू नये. रस्त्यापलीकडची कुरणे चढून गेले की ट्रूझबरी मीड येते. अॅशच्या झाडाखाली एक दगड उभा आहे, पुढ्यात खड्यांचा छोटा ढीग आहे आणि शेजारी टेम्स बॅरियरचे अंतर दाखवणारा लाकडी फलक आहे. उगम म्हटला की गोमुख आणि दगडी कुंड डोळ्यांसमोर येणाऱ्या आपल्यासारख्यांची येथे थोडी निराशा होते. दगडावर टेम्स कॉन्झर्व्हेटर्सचे नाव आणि १८५७-१९७४ ही वर्षे कोरलेली आहेत. ती नदीच्या व्यवस्थापनाचे काम पाहणाऱ्या त्या मंडळाच्या कार्यकाळाची आहेत. या जागी पूर्वी ‘फादर टेम्स’चा पुतळा होता. तो मुळात १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शन-भवनासाठी घडवलेला होता आणि उगमापाशी तो १९५८ साली आणला गेला. १९७४ मध्ये तो लेचलेडजवळच्या सेंट जॉन्स लॉकपाशी हलवण्यात आला. लॉक म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करून नावा वर-खाली नेणारी, दोन्ही टोकांना दारे असलेली कोठी. टेम्सवरील सर्वांत वरचे लॉक ते हेच. एकंदरीत नदीदेवतेनेही जेथे बारमाही पाणी आहे अशीच जागा पसंत केली म्हणायची.

मार्चमध्ये दगडापाशी पाणी होते का? होते, पण जेमतेम. खड्यांच्या ढिगाखालून ओल झिरपत होती आणि पंचवीसएक पावलांवर वितभर रुंदीचा प्रवाह सुरू झाला होता. तेथे टाकलेले पान दोनदा गवतात अडकले आणि तिसऱ्यांदा पुढे सरकले, म्हणून ही नोंद मी धरली आहे. सप्टेंबरमध्ये हेच पहिले पाणी लिड वेलच्याही बरेच खाली होते. २०२२ च्या उन्हाळी दुष्काळात तर ते सॉमरफर्ड कीन्सच्याही पुढे, म्हणजे दगडापासून सुमारे आठ किलोमीटर खाली सरकल्याची नोंद झाली होती.

यामागचे कारण पायाखाली आहे. हा सगळा प्रदेश कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या चुनखडकाचा आहे आणि तो खडक फटींनी भरलेला आहे. पाऊस पृष्ठभागावरून वाहण्याऐवजी आत मुरतो, हिवाळाभर भूजलाची पातळी चढत जाते आणि ती कुरणाच्या तळाला टेकली की झरे सुरू होतात. म्हणूनच भर पावसाच्या दिवशी गेलात तरी उगम कोरडा असू शकतो आणि कित्येक दिवस पाऊस नसताना, हिवाळ्याच्या अखेरीस, तो भरलेला असू शकतो. माझा सल्ला असा की फेब्रुवारी किंवा मार्च हे महिने निवडावेत. उन्हाळ्यात जाऊन दगडाशेजारी छायाचित्र तेवढे निघेल, नदी भेटणार नाही.

उगमाच्या मानाबद्दलचा जुना वाद मी येथे थोडक्यात सांगतो. चेल्टनहॅमजवळच्या सेव्हन स्प्रिंग्जपासून चर्न नदी निघते आणि क्रिकलेड येथे टेम्सला मिळते. ती शाखा मुख्य धरली तर टेम्सची लांबी वीसहून अधिक किलोमीटरने वाढते आणि तेथे पाणीही अधिक भरवशाचे असते. १९३७ मध्ये हा प्रश्न पार्लमेंटमध्येही विचारला गेला होता. निकाल ट्रूझबरी मीडच्या बाजूने राहिला. सेव्हन स्प्रिंग्जची फेरी माझ्या यादीत आहे, तोवर मी कोणाचीच बाजू घेत नाही.

आता कालव्याकडे वळतो, कारण या फेरीतला माझा खरा लाभ तोच ठरला. दगडामागच्या झाडीकडे निघालेली वाट, म्हणजेच वायसिस वे, काही मिनिटांत कालव्याच्या काठावर आणून सोडते. मागच्या दोन्ही फेऱ्यांत मी दगडाला हात लावून परत फिरलो होतो आणि इतक्या जवळ एवढी मोठी गोष्ट आहे याची मला कल्पनाही नव्हती. सेव्हर्न आणि टेम्स या दोन नद्या जोडण्यासाठी बांधलेला हा कालवा नोव्हेंबर १७८९ मध्ये पूर्ण खुला झाला. स्ट्राउडच्या वॉलब्रिजपासून लेचलेडजवळच्या इंगलशॅमपर्यंत त्याची लांबी सुमारे ४६ किलोमीटर आहे. त्यावर ४४ लॉक होती. त्यांपैकी २८ स्ट्राउडकडून माथ्यापर्यंत चढण्यासाठी आणि उरलेली टेम्सकडे उतरण्यासाठी होती. माथ्यावरचा सपाट टप्पा नेमका या चुनखडकावरून जातो आणि कालव्याचे दुखणे तेथेच सुरू झाले. तळाला चिकणमाती तुडवून लेप दिला, तरी खालचे झरे हिवाळ्यात तो लेप आतून उचलून फोडत आणि उन्हाळ्यात त्याच फटींतून पाणी निघून जाई. ही गळती भरून काढण्यासाठी उगमाजवळच्या टेम्स हेड येथे विहीर खणून पंप बसवण्यात आला. आधी पवनचक्कीवर चालणारा पंप होता, १७९२ मध्ये बोल्टन आणि वॉट यांचे वाफेचे इंजिन आले आणि १८५४ मध्ये त्याची जागा कॉर्निश या दुसऱ्या प्रकारच्या वाफेच्या इंजिनाने घेतली. म्हणजे एकशे दहा-वीस वर्षे टेम्सच्या उगमाशेजारचे भूजल उपसून कालव्यात ओतले जात होते आणि कालवा ते पुन्हा त्याच खडकात हरवत होता. कोरड्या कालव्याच्या तळाशी उभे राहून हे समजले, तेव्हा उगमाच्या कोरडेपणाचे मला वाटणारे नवल बरेच कमी झाले.

काठावरची वाट, जिला येथे टोपाथ म्हणतात, ती मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. कोट्सजवळ या वाटेवर एक गोल घर लागते. कालव्याची देखरेख करणाऱ्या कामगारांसाठी अशी पाच घरे बांधली होती. तळमजल्यावर घोड्याचा तबेला, मधल्या मजल्यावर राहणे आणि वर झोपण्याची खोली अशी त्यांची रचना होती. त्यांतील काही घरांचे छप्पर उलट्या नरसाळ्यासारखे होते, म्हणजे पावसाचे पाणी मध्यभागी गोळा होऊन वापरता येई. कालव्याकाठच्या माणसालाही पाणी असे वरून गोळा करावे लागावे, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

पुढे किंग्ज रीच हा खोल खोदलेला, झाडांनी झाकलेला भाग लागतो आणि त्याच्या टोकाशी सॅपर्टन बोगद्याचे पूर्वेकडील तोंड दिसते. दगडी खांब, वर कमान आणि दोन्ही बाजूंना पुतळ्यांसाठी ठेवलेले रिकामे कोनाडे, असा तो थाट आहे. बोगद्याची लांबी ३,८१७ यार्ड, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटर आहे आणि बांधला तेव्हा इंग्लंडमधील तो सर्वांत लांब बोगदा होता. काम चालू असताना, १७८८ मध्ये, राजा तिसरा जॉर्ज तो पाहायला आला होता. आत टोपाथ नाही. घोडा डोंगरावरून पलीकडे नेत आणि नावेतले लोक पाठीवर आडवे होऊन, भिंतीला पाय लावून, पावला-पावलाने नाव पुढे ढकलत. आज आत छत कोसळलेले असल्याने आरपार जाता येत नाही आणि आत शिरण्याचा प्रयत्नही करू नये. मी तोंडापाशी उभा राहून एकदा हाक दिली. उत्तर येण्याऐवजी कोठेतरी आत पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज आला.

बोगद्यावरून जाणाऱ्या वाटेवर मी चुकलो. हेली वुड या जंगलात बोगद्याची रेषा ओळखण्याची उत्तम खूण म्हणजे जागोजाग दिसणारे मातीचे गोल उंचवटे. बांधकामाच्या वेळी वरून पंचवीस विहिरी खणून बोगदा एकाच वेळी अनेक ठिकाणांहून पुढे नेला गेला आणि हे ढीग त्या विहिरींतून काढलेल्या मातीचे आहेत. मला ही माहिती होती, तरीही मी रुंद आणि सोयीच्या जंगलरस्त्याच्या मोहात पडलो आणि चाळीस मिनिटे घालवून पुन्हा त्याच फाट्यावर आलो. नकाशा खिशात ठेवून चालण्याची ही माझी जुनी खोड आहे. ढीग एकामागून एक दिसत राहिले तरच वाट बरोबर आहे, असे समजावे.

सॅपर्टन गाव ओलांडून डेनवेकडे उतरले की बोगद्याचे दुसरे तोंड येते. ते किल्ल्याच्या तटासारखे, वर कंगोरे असलेले आहे आणि पहिल्याहून अगदी साधे आहे. येथून पुढे फ्रोम नदीच्या दरीत उतरत जाणारी लॉकची माळ मला संपूर्ण वाटेतला सर्वांत सुंदर भाग वाटला. लॉकच्या भिंतींत झाडे वाढली आहेत, दारे गेली आहेत, पण दगडी खाचा शाबूत आहेत. काही लॉकमध्ये मूळ दारांच्या खाचेखेरीज काही फूट अलीकडे दुसरी खाच दिसते. नावा आखूड झाल्या म्हणून नव्हे, तर दर वेळी वाया जाणारे पाणी वाचावे म्हणून ही लॉक नंतर आखूड करण्यात आली. हात लावून पाहिले तर जुन्या कडांवर दोरखंडाने झिजलेले गुळगुळीत पन्हळ बोटाला लागतात.

चॅलफर्डपासून पुढे वस्ती, रस्ता आणि रेल्वे सतत सोबत असतात, त्यामुळे तो भाग मी झपाट्याने उरकला. ब्रिमस्कम येथे पूर्वी मोठे बंदर होते, कारण सेव्हर्नवरच्या रुंद नावांना तेथून वर येता येत नसे आणि माल टेम्सच्या लांब, अरुंद नावांत बदलावा लागे. बोगद्यातून शेवटची मालवाहू नाव १९११ मध्ये गेली, माथ्याचा टप्पा १९२७ मध्ये आणि उरलेला भाग १९३३ मध्ये अधिकृतपणे बंद झाला. १९७२ पासून स्वयंसेवक कालवा पुन्हा जिवंत करण्याचे काम करत आहेत आणि स्ट्राउडच्या बाजूला काही लॉक पुन्हा दारांसह उभी राहिलेली दिसतात.

एकूण चाल माझ्या घड्याळाप्रमाणे २४.३ किलोमीटर झाली, त्यात हेली वुडमधल्या चुकीचा वाटा दोनेक किलोमीटरचा धरावा. वेळ साडेसात तास लागला. डेनवेनंतरची वाट मार्चमध्ये चिखलाची असते, तेव्हा घोट्याच्या वर येणारे बूट आवश्यक आहेत. स्ट्राउडहून केंबलकडे परतणारी गाडीही सॅपर्टनच्या डोंगराखालूनच जाते. तिचा बोगदा वेगळा, १८४५ सालचा, आणि तो ओलांडायला मोजून काही क्षण लागतात.

पुढची फेरी एप्रिलच्या अखेरीस केंबलहून पूर्वेकडे, क्रिकलेडपर्यंत करण्याचा विचार आहे, म्हणजे तेथल्या नॉर्थ मेडोमधील फ्रिटिलरीची जांभळी, चौकड्यांची फुलेही पाहता येतील. मात्र त्याआधी सकाळी उलट दिशेने लिड वेलपर्यंत जाऊन पान टाकून येणार आहे.