अण्णांचा शनिवार

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणं हे माझं काम. सध्या हाती आहे ती यादी हाताने खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या कंपोझिटरांची. संगणकावरची जुळणी आली, ऑफसेट छपाई आली आणि ही सगळी माणसं बघता बघता छापखान्यांतून उठली. तेव्हा चाळिशीत असलेले आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेत. फोन लावला की बऱ्याचदा सून उचलते आणि म्हणते, "तुम्ही जरा आधी यायला हवं होतं." हे वाक्य मला अजून सवयीचं झालेलं नाही.

पुण्यातल्या या आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. वय ८३. चौदाव्या वर्षी ते नदीकाठच्या पेठेतल्या एका लहान छापखान्यात लागले आणि शेवटपर्यंत खिळ्यांतच राहिले. मी पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली, त्यांच्या सदऱ्याला माइक लावला. मुलगा शेजारी खुर्ची ओढून बसला. "अण्णांना हल्ली आठवत नाही, मी सांगेन मधेमधे." नको म्हणायला हवं होतं, पण त्यांच्याच घरात मला ते जमलं नाही.

पहिला पाऊण तास कोरडा गेला. "काय सांगायचं ताई? सकाळी जायचं, उभं राहायचं, जुळवायचं. रोज तेच." आयुष्यभर राबलेली माणसं असंच बोलतात. आपल्या कामात सांगण्यासारखं काही होतं, हे त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं. अशा वेळी मी प्रश्न सोडून देते. म्हटलं, "अण्णा, मी आज शिकाऊ उमेदवार म्हणून आलेय. कुठे उभी राहू?"

अण्णा उठले. मुलगा "बसा, बसा" म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही. डावा हात पोटापाशी आला, बोटं स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, धरल्यासारखी वळली, अंगठा आत टेकला. उजवा हात हवेत फिरायला लागला. "क इथे, हाताशी. काना त्याच्या शेजारी, तो सारखा लागतो. अर्धी अक्षरं वर. ङ पार कोपऱ्यात." इंग्रजीच्या जुळाऱ्याचं थोडक्यात भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे, आणि माणूस केसांच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या लाकडी पेट्यांच्या, मधोमध उभा. "बघायचं नाही. बघितलं की हात थांबतो. खिळ्याला खाच असते, ती अंगठ्याला लागली की तो सुलटा." हात रेकॉर्ड होत नाहीत, म्हणून मी हळू आवाजात बोलत राहिले : "अण्णांचा उजवा हात आता वर डावीकडे गेला... परत आला... अंगठा दोनदा दाबला." पुढे कधी हे ऐकणाऱ्याला तेवढंच मिळणार होतं.

हात चालू झाले तशी जीभ मोकळी झाली. म्हणाले, "पाणी आलं त्या शनिवारी मी असाच उभा होतो."

"बुधवार, अण्णा," मुलगा म्हणाला. "पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. बुधवार होता." फोनवर काढूनही दाखवला.

"शनिवार."

मी मुलाला हातानेच थांबवलं, जरा जोरातच. अशी एक दुरुस्ती झाली की माणूस पुढचं वाक्य तपासून बोलतो, आणि तपासून बोललेलं सगळं आपल्याला वर्तमानपत्रांत मिळतंच. सकाळी धरण फुटलं, दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या, हे मला माहीत होतं. अण्णांनी जे सांगितलं ते माहीत नव्हतं. पाणी ओसरल्यावर एकोणीस वर्षांचे अण्णा छापखान्यात शिरले. "शिसं जड, ते वाहून जात नाही. लाकडी केसा उलट्या झालेल्या, सगळे खिळे गुडघाभर चिखलात. चाळणीने चिखल गाळायचा आणि एकेक अक्षर उचलायचं." खडकवासला धरणही फुटलेलं, नळाला पाणी नाही. वाड्यातल्या विहिरीचं पाणी बादलीने आणून त्यांनी खिळे धुतले. कोणता खिळा कोणत्या घरातला हे चिखलाने माखलेलं असतानाच बोटांना कळायचं. मग थांबून म्हणाले, "शनिवारी पगार असायचा. आम्ही सात जण त्याच चिखलात रांगेत उभे राहिलो. मालकांनी अर्धाच हातावर ठेवला. ते रडत होते. मग आम्हीही रडलो."

घरी मजकूर उतरवताना लक्षात आलं. बुधवारी पाणी आलं. शनिवारी त्यांना कळलं की आपलं काय गेलं. चौसष्ट वर्षांत ते दोन दिवस एकमेकांत मिसळून गेले होते. इटलीतल्या तेर्नी गावात १९४९मध्ये नाटोविरोधी मोर्चाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण पोलाद कामगार मारला गेला, आणि पुढे कित्येक कामगार ती घटना १९५३ची म्हणून सांगत राहिले, कारखान्यातल्या मोठ्या कपातीच्या लढ्यातली. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ही चूक पुसली नाही. त्या मरणाचा अर्थ कामगारांना कुठे लागला, हे त्याला त्या चुकीतूनच दिसलं. मी हे कितीदा तरी वाचलं होतं. समोर बसून ऐकलं ते पहिल्यांदाच.

उतरवलेला मजकूर आम्ही सांगणाऱ्याकडे परत नेतो. नको ते काढायचा हक्क त्यांचा. दोन आठवड्यांनी गेले तेव्हा कागद आधी मुलाच्या हाती पडले होते. त्याने 'शनिवार' लाल पेनने काटून वर 'बुधवार' लिहिलं होतं. काळजीनेच लिहिलं होतं, वडिलांचं हसं होऊ नये म्हणून. अण्णांनी भिंग घेतलं, पेन्सिल घेतली आणि प्रूफ तपासतात तसे बोट ठेवून वाचायला बसले. माझे दोन रफार चुकले होते, समासात खूण करून ते दुरुस्त केले. एका ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली. पाण्याच्या पानावर बराच वेळ थांबले.

मग काटलेल्या 'शनिवार'खाली त्यांनी पेन्सिलीने एकेक करत टिंबांची ओळ काढली. प्रूफाच्या भाषेत त्याचा अर्थ : खोड रद्द, मूळ तसंच ठेवा.