बीटचा रस आणि ५ किलोमीटर धावणे: या टप्प्यातील नोंदी

बीटचा रस प्यायल्याने माझी ५ किलोमीटर धावण्याची वेळ सुधारते का आणि रक्तदाब बदलतो का, हे मी स्वतःवर टप्प्याटप्प्याने तपासत आहे. या टप्प्यात रसाचे प्रमाण तेच ठेवून मी केवळ तो पिण्याची वेळ बदलली. बीटमधील नायट्रेट रक्तात लवकर उतरते, परंतु त्याचे नायट्राइट (ज्यापासून शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड बनतो) होण्यासाठी ते लाळेवाटे पुन्हा तोंडात यावे लागते आणि तेथे जिभेवरील जिवाणू ते काम करतात. त्यामुळे रक्तातील नायट्राइटची पातळी रस प्यायल्यानंतर साधारण २ ते ३ तासांनी सर्वाधिक होते. म्हणून मी आता धावण्याच्या अडीच तास आधी रस घेतो आणि जंतुनाशक माउथवॉश पूर्णपणे टाळतो, कारण हे जिवाणूच मारले गेले तर रसाचा उपयोग जवळजवळ संपतो.

वेळेत सुधारणा दिसते, पण तिचे श्रेय रसाला द्यायला मी अजून तयार नाही. २००९ साली एक्झिटर विद्यापीठातील प्रयोगात थकून थांबेपर्यंतचा अवधी सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, हा आकडा आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. मात्र तो ठरावीक भारावर शक्य तितका वेळ टिकून राहण्याचा आकडा आहे, शर्यतीच्या वेळेचा नव्हे. ठरलेले अंतर कापण्याच्या वेळेत फरक पडलाच तर तो बहुधा १ ते ३ टक्के असतो. २५ मिनिटांच्या धावेत १ टक्का म्हणजे १५ सेकंद, आणि तेवढा फरक वारा किंवा अपुरी झोपही पाडते. शिवाय रसामुळे मुख्यतः ऑक्सिजनचा खर्च घटतो, जो हृदयगती मोजणाऱ्या पट्ट्यावर दिसत नाही. मुरलेल्या खेळाडूंना हा लाभ कमीच मिळतो. माझ्यासारख्या हौशी धावपटूला निदान तेवढी आशा आहे.

रक्तदाबाच्या नोंदी मी बसून, पाच मिनिटे विश्रांती घेऊन, एकाच दंडावर घेतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी चार आठवडे रोज २५० मिलिलिटर रस घेतल्यावर दवाखान्यात मोजलेला वरचा दाब सुमारे ८ आणि खालचा सुमारे २ मिलिमीटरने उतरला होता. माझा दाब मुळातच सामान्य असल्याने एवढी घट मला अपेक्षित नव्हती आणि ती दिसलीही नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हा प्रयोग करावा, आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी बीटमधील ऑक्झलेट (ज्यापासून मूतखडे बनू शकतात) विसरू नये. बीटमुळे लघवी गुलाबी होणे निरुपद्रवी आहे.

पुढील टप्प्यात वेळ तीच ठेवून सलग आठवडाभर रोज रस घेईन, आणि त्यानंतरचा आठवडा रसाविना त्याच मार्गावर धावेन.