गाडी लागली, टायर बसला, तरी पोहोचलो

मुलांना घेऊन लांब निघायचं असलं की आदल्या रात्री मी सामानाचे दोन ढीग करते. एका ढिगात चालत्या गाडीत लागणाऱ्या वस्तू, दुसऱ्यात गाडी बाजूला घेतल्यावर लागणाऱ्या. काय काय न्यायचं याची यादी बहुतेक घरांत सारखीच असते, फरक पडतो तो कुठली वस्तू कुठे ठेवली यानं. मूल ओकायला लागलं आणि पिशव्या डिकीत बॅगांच्या खाली असल्या, तर त्या असून नसल्यासारख्याच.

पहिला ढीग माझ्या पायाशी, कापडी थैलीत: न गळणाऱ्या झिपच्या पिशव्या, ओले वाइप्स, जुने टॉवेल, पाणी, दोन्ही मुलांचे कपडे वेगवेगळे बांधून. आम्हा दोघांचाही एकेक टी-शर्ट असतो, कारण उलटी झेलणाऱ्याचेही कपडे भरतात. दुसरा ढीग डिकीच्या अगदी दाराशी: प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च, चमकणारी जाकिटं, धोक्याचा लाल त्रिकोण, जॅक आणि पाना. स्टेपनीची हवा त्याच दिवशी तपासायची. मागच्या काचेखालच्या फळीवर मात्र काही म्हणजे काही ठेवायचं नाही. जोरात ब्रेक लागला की तिथली बाटली मुलांच्या डोक्याच्या दिशेनं सुटते.

या प्रवासात दोन्ही ढीग उघडावे लागले.

सपाट रस्ता संपून डोंगराची वळणं सुरू झाली आणि धाकट्याची बडबड थांबली. मग जांभया, मग चेहरा पांढराफटक. गाडी लागण्याची ही लक्षणं मला उलटीपेक्षा महत्त्वाची वाटतात, कारण काही करता येतं ते त्याच मिनिटांत. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, आणि पुस्तकावर किंवा पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंगतीनं मळमळतं. साधारण 2 ते 12 या वयात हा त्रास जास्त होतो. मी त्याच्या हातातलं चित्रांचं पुस्तक काढून घेतलं, काच थोडी खाली केली, डोकं मागे टेकवून समोर लांबवर बघायला सांगितलं. कधीकधी एवढ्यानं भागतं. या वेळी नाही भागलं.

“आई, पोटात ढवळतंय.”

थैलीतली पिशवी मी मागे दिली. मोठीला सराव आहे. तिनं पिशवीची कड बाहेर दुमडली, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि मिटत नाही, आणि ती त्याच्या हनुवटीखाली धरली. नवऱ्यानं वेग हळूहळू कमी करत मोकळी जागा शोधली. गाडी पूर्ण थांबेपर्यंत कुणाचाही पट्टा सोडायचा नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. मूल कितीही रडलं तरी त्यात सूट नाही.

बरंचसं पिशवीत गेलं, थोडं सीटवर. आधी वाइप्सनं वरचं उचलून घेतलं, न घासता. घासलं की ते कापडात आणखी मुरतं. मग गार पाण्याचा बोळा. उलटी असो, दूध असो की रक्त, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. वासासाठी खाण्याचा सोडा भुरभुरवून ठेवायचा आणि वाळला की झाडून काढायचा. बेबी सीटचे पट्टे मात्र ओल्या फडक्यानं आणि सौम्य साबणानं नुसते पुसायचे. भिजत घातले किंवा ब्लीच लावलं तर त्यांचा विणलेला धागा कमकुवत होतो. ओल्या सीटवर जाड टॉवेल टाकून मूल बसवावंसं वाटतं, पण धडकेत तो थर दबतो आणि पट्टा सैल पडतो. म्हणून कोरड्या टॉवेलनं दाबून दाबून ओल टिपली. याला वेळ लागला, आणि तो द्यायलाच हवा. धाकट्याला एकदम पाणी प्यायला न देता घोटघोट दिलं.

दुपारी, मोठ्या रस्त्यावर, स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं आणि पुढून फटफट आवाज आला. धोक्याचे दिवे लावून गाडी सपाट, रुंद कडेला घेतली. उन्हात मुलांना गाडीतच ठेवावं असं कुणाच्याही मनात येईल, पण जॅकवर चढवलेल्या गाडीत कुणी बसता कामा नये. शिवाय बंद गाडीतलं तापमान 10 मिनिटांत 10 अंश सेल्सियसच्या आसपास चढू शकतं, काच किंचित उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तिप्पट ते पाचपट वेगानं तापतं. मुलांना रहदारीच्या उलट बाजूच्या दारानं उतरवलं, जाकिटं घातली आणि कठड्यापलीकडे सावलीत घेऊन मी उभी राहिले. धाकट्याचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. नवऱ्यानं मागे त्रिकोण ठेवला, चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला.

किल्ली त्याच्या खिशात होती. ती रडणाऱ्या मुलाच्या हातात खेळायला देणाऱ्यांची मला खरंच भीती वाटते. मूल आत आणि दारं लॉक, हा एक धोका. दुसरा म्हणजे रिमोट किल्लीतला नाण्याएवढा सेल. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर 2 तासांत आतून गंभीर भाजू शकतं. अशी शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

आमची स्टेपनी बारीक, तात्पुरती आहे. तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, म्हणून उरलेला रस्ता कडेच्या लेनमधून कापला आणि अंधार पडल्यावर मुक्कामी पोहोचलो. जेवायच्या आधी मोठीनं थैलीत पिशव्या पुन्हा भरल्या, मी सीटचं कव्हर काढून धुवायला टाकलं. पुढचा टप्पा पुन्हा डोंगरातलाच होता. सकाळी पंक्चर काढून चाक परत बसेपर्यंत आम्ही कुठेही निघालो नाही.