फ्रेम रेट ठरवताना आधी उजेड बघितला

पाण्याखाली शूटिंग करायचं ठरल्यावर हाउसिंग (कॅमेऱ्याचं पाणीरोधक कवच), लेन्स, लाइट पटापट ठरलं. गाडी अडली ती फ्रेम रेटपाशी, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) टिपायची यापाशी. विचारावं तो एकच सांगे, "सरळ ६० वर ठेव, लागेल तिथे स्लो करता येतं." पटत होतं, पण पुरतं नाही.

मी उलटीकडून सुरुवात केली. एडिटिंग ३० च्या टाइमलाइनवर करणार, हे आधी पक्कं केलं. म्हणजे ६० चं फुटेज निम्म्या वेगाने आणि १२० चं पाव वेगाने दाखवता येणार. २४ तिथेच बाद झालं. ते ३० मध्ये बसवताना दर चार फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दिसते आणि कॅमेरा आडवा फिरवला की झटके जाणवतात.

मग उजेडाचा हिशेब. हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटरचा वेग (एका फ्रेमला सेकंदाचा कितवा भाग उजेड मिळतो) साधारण फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवतात: ३० ला १/६० सेकंद, १२० ला १/२४०. म्हणजे १२० वर प्रकाश चौथा हिस्साच उरतो, दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). जमिनीवर उन्हात याचं काही वाटत नाही. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, त्याखाली उजेड आधीच तोकडा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) चढवला की मागच्या निळ्या पाण्यात दाणे वळवळायला लागतात.

एकाच जागी तिन्ही रेट लावून पाहिले. सी अॅनिमोनी या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या बोटांमधून क्लाउनफिश आतबाहेर करत होता. ३० वर त्याचे पंख नुसते फरकाटे. १२० वर पंखाची काळी कड सुटी दिसली. शेजारचा सी फॅन (पंख्याच्या आकाराचं प्रवाळ) मात्र मुळातच संथ डोलणारा. तो स्लो केल्यावर चित्र थिजल्यासारखं वाटलं. लोक सरसकट सगळंच स्लो का करतात, कोण जाणे.

लाइट मंद केल्यावर १२० वर आडवे पट्टे आले, पूर्ण ताकदीवर लावल्यावर गेले. स्लो केल्यावर बिघडणाऱ्या आवाजाचा प्रश्नच नव्हता, खाली ऐकू येतात ते आपलेच बुडबुडे.

हाउसिंगच्या बटणांवरून मेनू चाळणं वैतागाचं, म्हणून पाण्यात उतरण्याआधीच दोन कस्टम मोड (आपल्या सेटिंगचे तयार संच) भरून ठेवतो: वाइड शॉटला ३०, उथळ पाण्यातल्या चपळ माशांना ६०. १२० फक्त लाइट हातभर अंतरावर असेल तेव्हाच.