रू बोनापार्तवरची चित्रशाळा

पॅरिसमध्ये पहिल्या दिवशी लोक लूव्र पाहतात. मी मात्र सेन नदीचा पूल ओलांडून थेट रू बोनापार्त गाठले, कारण इतकी वर्षे चित्रकला शिकवल्यावर ‘एकोल दे बोझार’ ही तिथली नामांकित कलाशाळा एकदा डोळ्यांनी पाहायचीच होती. सप्टेंबरातल्या वारसा-दिनांना तिची दारे सर्वांसाठी उघडतात, म्हणून प्रवासाच्या तारखाही तशाच धरल्या होत्या.

आवारातल्या जुन्या चॅपेलमध्ये शिरताच मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याया’ची प्रचंड नक्कल समोर येते. ती झाविए सिगालोंने १८३० च्या दशकात केली. आसपास प्लास्टरचे पुतळे आहेत. त्यांतल्या एकाच्या खांद्यावरून काखेकडे साच्याच्या जोडाची बारीक, किंचित उंचावलेली रेघ उतरलेली दिसली आणि मी तिथेच खिळून राहिले. एकोणिसाव्या शतकातला विद्यार्थी आधी छापील नमुन्यांवरून आणि मग अशाच पुतळ्यांवरून रेखाटन करी. हात बसल्यावरच त्याला जिवंत मॉडेलसमोर बसायला मिळे. आज हा क्रम कोणाला जाचक वाटेल, पण मला त्यामागचे शहाणपण पटते. प्लास्टर हलत नाही, त्याला रंग नाही, त्यामुळे डोळा फक्त छायाप्रकाशावर ठरतो. जिवंत माणसाचे तसे नसते. तासाभराने त्याचा खांदा उतरतो, शरीराचा भार दुसऱ्या पायावर जाऊ पाहतो, आणि कागदावरची सकाळची रेघ खोटी ठरते. ही खोटी ठरलेली रेघ ओळखता येणे, हेच मानवाकृतीच्या अभ्यासातले खरे शिक्षण आहे, असे मी मानते. तिथे नग्नाकृतीच्या अभ्यासालाच ‘अकादेमी’ म्हणत, इतका तो अभ्यासक्रमाचा कणा होता.

नवल म्हणजे १८६३ पर्यंत या शाळेत प्रत्यक्ष रंगकाम शिकवलेच जात नसे. ते विद्यार्थ्याने एखाद्या नामवंत चित्रकाराच्या खासगी चित्रशाळेत शिकायचे. त्या वर्षीच्या सुधारणेनंतर जेरोम, काबानेल आणि पिल्स या चित्रकारांचे रंगवर्ग इथे सुरू झाले. पुढे जेरोमच्या साह्याने शार्ल बार्गने १९७ शिलामुद्रित (दगडावरून छापलेल्या) चित्रांचा रेखाटन-पाठ सिद्ध केला, आणि तो व्हॅन गॉगनेही गिरवला.

हे सारे पाहताना एक गोष्ट मनाला टोचत होती: १८९७ पर्यंत स्त्रियांना या दारातून प्रवेशच नव्हता. त्या काळात मी इथे जन्मले असते, तर मलाही हे अंगण बाहेरूनच पाहावे लागले असते.

म्हणून दुपारी नदी ओलांडून पासाज दे पानोरामा या काचेच्या छताच्या अरुंद गल्लीत गेले. रोदोल्फ ज्युलियाँने १८६८ मध्ये काढलेल्या खासगी अकादमीचे वर्ग इथे भरत, आणि पुरुषांहून जास्त शुल्क घेऊन का होईना, तिथे स्त्रियांना जिवंत मॉडेलवरून काम करता येई. तिथेच शिकलेल्या मारी बाश्किर्त्सेफ या चित्रकर्तीने १८८१ मध्ये असाच वर्ग रंगवला आहे: कमरेला कातडे गुंडाळलेला एक मुलगा उभा आहे, आणि भोवती दाटीने बसलेल्या मुली ईझलवर वाकल्या आहेत. आता गल्लीत खाणावळी आणि जुन्या टपाल-तिकिटांची दुकाने आहेत. एका दुकानाच्या पायरीशी थांबून मी वही काढली आणि काउंटरवर रेललेल्या म्हाताऱ्या दुकानदाराचा उतरलेला डावा खांदा रेखाटायला घेतला. त्याने कोपर बदलले, आणि मला रेघ पुसावी लागली.