हार्टमनच्या नादात गेलेला रविवार

आज सगळी कामं सोडून एरिक हार्टमनबद्दल वाचत बसलो, घरचे वैतागले. जर्मन फायटर पायलट, दुसऱ्या महायुद्धात पाडलेली ३५२ विमानं नावावर, रेकॉर्ड आजही त्याचंच. गडी लांबून गोळ्या वाया घालवायचाच नाही, आपलं मेसरश्मिट विमान इतकं जवळ न्यायचा की समोरची काच शत्रूच्या विमानाने भरून जायची, मग ट्रिगर आणि लगेच कल्टी! कधी कधी त्या फुटलेल्या विमानाचे तुकडे लागून स्वतःच खाली यायचा. अर्थात लढत होता हिटलरच्या बाजूने, त्यामुळे कौतुक करताना जीभ अडखळतेच. १९४५ मध्ये अमेरिकनांना शरण गेला तर त्यांनी सरळ रशियनांच्या हवाली केलं, सुटला थेट १९५५ ला, आणि तोवर ज्या मुलाचं तोंडही पाहिलं नव्हतं तो लहानपणीच गेलेला. तरी पठ्ठ्या परत एअरफोर्समध्ये, तिथे स्टारफायटर विमानावरून वरिष्ठांशी वाजलं ते वेगळंच.