कोकम सोड्यात गॅस किती असावा

कोकमाच्या सरबतात दुकानातला सोडा ओतला की कोकम सोडा झाला, असा समज आहे. होतो खरा, पण पहिला घोट नाकात झिणझिण्या आणतो, दुसरा नुसता गोड लागतो आणि कोकम सापडतं ते तळाशी, गॅस उडून गेल्यावर. दोष कोकमाचा नाही. चव फळाची हवी असेल तर गॅससुद्धा साखरेसारखा मोजून घालावा लागतो.

सोड्याच्या धंद्यात गॅस ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एक लिटर पाण्यात एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला की तो एक व्हॉल्यूम, वजनात साधारण २ ग्रॅम. कोलाच्या बाटलीत साडेतीन ते चार व्हॉल्यूम असतात. फळांच्या सौम्य सोड्याला २ ते २.५ पुष्कळ झाले. यात काटकसर नाही, चवीचा हिशेब आहे. विरघळलेल्या गॅसचं पाण्यात कार्बोनिक आम्ल होतं आणि ते जिभेला आंबट लागतं. म्हणजे गॅस गोडवा झाकतो. कोला उघडा ठेवून दुसऱ्या दिवशी प्यायलात तर तो पाकासारखा लागतो. साखर तेवढीच असते, १०० मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास, फक्त तिच्यावरचं गॅसचं झाकण गेलेलं असतं. गॅस कमी केला की साखरही ७ ग्रॅमवर आणावीच लागते आणि आंबटपणाचं काम फळाकडे जातं. कोकम त्यात तरबेज आहे, त्याचं स्वतःचं आम्ल चांगलंच कडक असतं.

पाक करताना हंगाम असेल, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, तर ताजी पिकलेली फळं घ्या. बिया काढून सालं काचेच्या बरणीत साखरेच्या थरांत भरा. एक किलो सालांना दीड किलो साखर. दादरा बांधून सहा-सात दिवस उन्हात ठेवा, रोज एकदा हलवा. सुटलेला रस गाळला की झाला पाक. तो दाट असतो, २५० मिलीच्या ग्लासाला २० मिली पुरतो.

एरवी आमसुलं आहेतच. १०० ग्रॅम आमसुलं ५०० मिली साध्या पाण्यात चार तास भिजवायची, हाताने कोळून पिळायची आणि पाणी मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं. मग त्या पाण्याचं वजन करून तेवढ्याच वजनाची साखर घालायची आणि ढवळून विरघळवायची. उकळायचं नाही. उष्णतेने कोकमाचा लाल रंग विटकरी होत जातो आणि वासही मंदावतो. या पाकाचं प्रमाण ३० मिली पाक आणि २२० मिली सोडा, म्हणजे ग्लासात सुमारे १८ ग्रॅम साखर येते. मीठ चाखून मगच घाला, कारण बाजारातल्या बऱ्याच आमसुलांना आधीच मीठ लावलेलं असतं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तर यासाठी घेऊच नका, ते सोलकढीसाठी आहे. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम या आम्लाला चालत नाही.

आता गॅस. थंड पाणी गॅस धरून ठेवतं, कोमट पाणी सोडून देतं. हवेच्या नेहमीच्या दाबाला ० अंशाचं पाणी लिटरमागे सव्वातीन ग्रॅमच्या वर गॅस धरतं, २५ अंशाचं जेमतेम दीड. घरच्या सोडा यंत्रात नळाचं पाणी भरून ‘गॅसच बसत नाही’ अशी तक्रार करण्याआधी पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बघा. या यंत्रांत फक्त साधं पाणी घालायचं, सरबत नाही. साखरेच्या पाण्याला फेस टिकतो, तो नळीत चढतो आणि झडप चिकट होते. पाक आणि सोडा मिसळताना थोडा गॅस उडतो आणि गॅस नसलेल्या पाकामुळे उरलेलाही पातळ होतो, म्हणून पाणी ३ व्हॉल्यूमपर्यंत न्यायचं. ग्लासात २.३-२.४ उरतो, तोच हवा होता.

ज्यांच्याकडे सिलिंडर, रेग्युलेटर आणि बाटलीवर बसणारं गॅसचं बूच आहे, त्यांची सोय जास्त चांगली. १२० मिली आमसुलाचा पाक आणि ८८० मिली गार पाणी हे सगळं दीड लिटरच्या कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीत एकत्र भरायचं, बाटली दाबून आतली हवा पूर्ण बाहेर काढायची आणि मगच बूच लावायचं. हवा राहिली तर दाबाच्या काट्यावर तिचाही दाब दिसतो आणि गॅस तेवढा कमी विरघळतो. पेय ४ अंशावर असेल तर काट्यावरच्या १२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला अडीच व्हॉल्यूम बसतात. तेच २५ अंशावर करायला गेलात तर ३३ पीएसआय लागतील. बाटली मिनिटभर जोरात हलवा. गॅस आत जाण्याचा सुस्कारा थांबला की काम झालं. लगेच उघडू नका, अर्धा तास फ्रिजमध्ये निवू द्या, नाहीतर अर्धी बाटली ओट्यावर. गॅस खाद्य दर्जाचाच हवा, सिलिंडर उभा हवा (आत द्रवरूप गॅस असतो, तो रेग्युलेटरमध्ये शिरता कामा नये) आणि खिडकी उघडी हवी.

खायचा सोडा आणि लिंबू ही पळवाट कोकमाला अजिबात जमत नाही. कोकमाचा लाल रंग आम्लात खुलतो आणि खायच्या सोड्याने मळकट जांभळा पडतो. वर खारट-साबणी चव येते ती वेगळीच.

सगळ्यात जास्त फसतं ते कणांमुळे. जिऱ्याची पूड, चाट मसाला, गर, चोथा, काहीही बारीक असलं की गॅसला बुडबुडे धरायला जागा मिळते आणि पेय उतू जातं. मसाला सोडावाला चिमूट टाकताच ग्लास फसफसतो तो याच कारणाने, आणि त्या फेसाबरोबर त्याचा निम्मा गॅस जातो. गाडीवर तो तमाशा चालतो. घरी भाजलेलं जिरं पुरचुंडीत बांधून पाकात रात्रभर ठेवा, मीठही पाकातच विरघळवा. ग्लासात आधी गार पाक, मग तिरक्या ग्लासाच्या कडेने सोडा, आणि लांब चमच्याने तळापासून एकदाच वर उचलायचं. ढवळत बसायचं नाही.

हाच नियम लावला की कोणती फळं चालतील हे कळतं. लिंबू सोपं. करवंदाचा रस सुंदर, फक्त फळं पूर्ण पिकलेली हवीत, चीक असलेली नकोत. जांभूळ जपून, कारण गॅसने त्याचा तुरटपणा आणखी वर येतो, साखर थोडी वाढवावी लागते. हापूसचा रस सोड्यात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गर तळाशी बसतो, फेस वर येतो आणि आंबा वाया जातो.

आल्याच्या विरजणाने नैसर्गिक गॅस धरायचा असेल तर न सोललेलं आलं किसून, चमचाभर आलं आणि चमचाभर साखर २५० मिली पाण्यात रोज घालत जा. आपल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत बुडबुडे दिसतात. एक लिटर सरबताला ६० मिली विरजण, प्लॅस्टिकच्या बाटलीत, २४ तास बाहेर. बाटली दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. काचेची बाटली वापरू नका. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की एक व्हॉल्यूम गॅस होतो आणि आपल्या सरबतात साखर आहे ७० ग्रॅम. विसरलेली बाटली फुटते, आणि काच उडते. फ्रिजमध्येही हे काम थांबत नाही, मंदावतं, म्हणून आठवड्यात संपवा. थोडा अल्कोहोल तयार होतो हे मुलांना देताना लक्षात असू द्या. विकतच्या सरबतात प्रिझर्व्हेटिव्ह असेल तर विरजण चालणारच नाही.

विकतची बाटली घेताना आधी लेबल वाचा. भारतातल्या नियमांनुसार ‘कार्बोनेटेड फ्रूट बेव्हरेज’मध्ये किमान १० टक्के फळांचा रस लागतो, लिंबाला ५ टक्के. इराणी हॉटेलातल्या लालभडक रास्पबेरी सोड्याची मजा वेगळी आहे, धनसाकबरोबर तो हवाच, पण त्यात फळ शोधू नये. तोंडाशी काचेची गोळी असलेल्या सोड्याच्या बाटलीतही सौम्य सोडा शोधू नका. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात काढलेल्या त्या बाटलीत गोळी वर दाबून धरतो तो आतला गॅसच, त्यामुळे तो भरपूर भरावा लागतो.

चाखताना बर्फ नको, पेय ६ ते ८ अंशावर हवं. अर्धा ग्लास प्या आणि उरलेला वीस मिनिटं तसाच ठेवा. गॅस गेल्यावरही कोकमाचा वास येत असेल आणि गोडी जिभेवर चिकटत नसेल तर पाक बरोबर जमला. चिकटत असेल तर पुढच्या वेळी ग्लासामागे ५ मिली पाक कमी करा, गॅस वाढवू नका.